तबकडीचा दोष की मुळातलाच आवाज?

या वेळची बरीचशी पत्रं एकाच अल्बमभोवती फिरतात : जॉय डिव्हिजन या इंग्लिश बँडचा 'अननोन प्लेझर्स'. मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्सने तो जून १९७९मध्ये 'फॅक्ट १०' या क्रमांकाने काढला. पहिली छपाई १०,००० प्रतींची होती. नंतर तो इतक्या वेळा नव्याने निघाला की कुठली प्रत घ्यावी, घेतलेली बरी आहे का आणि ती वाजते ती नीट वाजते का, हे तिन्ही प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. पोस्ट-पंकच्याच, म्हणजे पंक रॉकनंतर आलेल्या याच धाटणीच्या संगीताच्या, आणखी दोन रेकॉर्डबद्दलची पत्रं शेवटी घेतली आहेत.

प्रश्न : मी 'अननोन प्लेझर्स'ची लाल तबकडी घेतली. कव्हर पांढरं आहे. मूळ कव्हर तर काळं होतं. मित्र म्हणतो, फसलास, ही चोरटी छपाई आहे. खरं काय?

उत्तर : फसला नाहीत. २०१९मध्ये अल्बमला ४० वर्षं झाली, तेव्हा माणकासारखी लाल तबकडी आणि पांढरं कव्हर अशी मर्यादित आवृत्ती अधिकृतपणेच निघाली होती. गंमत म्हणजे पांढरं कव्हरच मूळ चित्राच्या जास्त जवळचं आहे. त्या डोंगररांगांसारख्या रेषा म्हणजे सीपी १९१९ या पल्सारचे (ठरावीक अंतराने रेडिओ-लहरी पाठवणाऱ्या, वेगाने फिरणाऱ्या ताऱ्याचे) लागोपाठचे ८० रेडिओ-स्पंद, एकाखाली एक मांडलेले. हा पल्सार १९६७मध्ये जोसलिन बेल यांच्या नजरेस पडला. आलेख खगोलशास्त्रज्ञ हॅरॉल्ड क्राफ्ट यांच्या प्रबंधातला आहे. बँडला तो केंब्रिजच्या खगोलशास्त्र ज्ञानकोशात मिळाला, आणि तिथे तो पांढऱ्या कागदावर काळ्या रेषांचाच होता. पीटर सॅव्हिल यांनी कव्हर करताना रंग उलटे केले.

चोरटी प्रत रंगावरून ओळखू नका, छपाईवरून ओळखा. १० पट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि कव्हरवरच्या रेषांच्या कडा बघा. मूळ कलाकृतीवरून छापलं असेल तर कड सलग असते. जुनं कव्हर स्कॅन करून छापलं असेल तर कडेला ठिपक्यांची जाळी दिसते आणि बारीक अक्षरं फुगल्यासारखी होतात. मग तबकडी तिरप्या उजेडात धरून शेवटच्या गाण्यानंतरची रिकामी पट्टी वाचा. तिथे कोरलेला किंवा ठोकलेला क्रमांक असतोच. तो कव्हरवरच्या क्रमांकाशी किंवा छापखान्याच्या अंकाशी जुळायला हवा. पट्टी अगदी कोरी असेल, लेबलवर हक्कांची ओळच नसेल, तर शंका रास्त आहे. आणि कोणी '१९७९ची पहिली छपाई' म्हणून विकत असेल आणि मागे बारकोड असेल, तर पुढे बोलायची गरज नाही.

प्रश्न : स्टिकरवर '१८० ग्रॅम', 'रिमास्टर्ड', कुठे 'हाफ-स्पीड' असं लिहिलेलं असतं. यातलं नेमकं कशाला पैसे द्यायचे? आणि रंगीत तबकडी काळीपेक्षा वाईट वाजते का?

उत्तर : १८० ग्रॅमला नक्कीच नाही. साधी एलपी १२० ते १४० ग्रॅमची असते. जादा प्लास्टिक खाचेच्या खाली जातं. खाच तेवढीच खोल, तेवढीच रुंद. जड तबकडी हाताला छान लागते आणि सहजी वाकत नाही, पण ती निवायला वेळ घेते. छापखान्याने घाई केली तर तीच ताटलीसारखी वाकून येते.

'रिमास्टर्ड', म्हणजे जुनं ध्वनिमुद्रण नव्याने घासूनपुसून घेतलेलं, हा शब्द एकटा काहीच सांगत नाही. विचारायचं ते असं : मूळ टेपवरून काम झालं का, कोणी केलं, आणि तबकडीसाठी वेगळं कटिंग झालं की सीडीसाठी केलेलीच फाइल लेथवर (खाच कोरणाऱ्या यंत्रावर) चढवली? 'अननोन प्लेझर्स'च्या हल्लीच्या बहुतेक आवृत्त्या २००७च्या रिमास्टरवर उभ्या आहेत, म्हणजे मध्ये डिजिटल टप्पा आहे. त्यावर नाक मुरडणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की १९७९मध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत निर्माते मार्टिन हॅनेट एएमएस कंपनीचा डिजिटल डिले (आवाज थोडा उशिराने परत ऐकवणारं यंत्र) वापरत होते. या अल्बमच्या त्या थंड, रिकाम्या खोलीत थोडं डिजिटल पहिल्या दिवसापासून आहे. डिजिटल टप्प्याने नुकसान होतं ते आवाजाची पातळी दाबून सपाट केली तर. हे कानाने तपासता येतं : 'शॅडोप्ले'ची सुरुवात ऐका. आधी बास गिटार आणि झांज हलक्या हाताने येतात, मग गिटार कोसळते. कोसळताना खोलीत खरंच काहीतरी मोठं झालं असं वाटलं पाहिजे. आधीचं आणि नंतरचं जवळपास एकाच जोराचं वाटलं, तर ती प्रत चेपलेली आहे.

हाफ-स्पीडमध्ये मूळ आवाज आणि लेथ दोन्ही अर्ध्या वेगाने चालवतात. १० किलोहर्ट्झचा आवाज कटरला ५ किलोहर्ट्झचा वाटतो, त्यामुळे झांजा आणि 'स', 'श' स्वच्छ कोरले जातात. २० मिनिटांची बाजू कोरायला ४० मिनिटं लागतात, किंमत वाढते ती त्यामुळेही. पोस्ट-पंकमध्ये बास पुढे असतो, तेव्हा तिथे फारसा फायदा नाही, असं वाटेल. पण जॉय डिव्हिजनच्या पीटर हुक यांचा बास वरच्या पट्टीत, जवळजवळ गिटारच्या जागी वाजतो आणि झांजा कोरड्या, अगदी समोर आहेत. म्हणून थोडा फरक पडतो. दुप्पट पैसे द्यावेत इतका नाही.

रंगाबद्दलही विचारलं आहे. एकरंगी तबकडी काळीइतकीच शांत वाजू शकते. शिंतोडे उडवलेल्या, अनेकरंगी तबकड्यांत खरखर जास्त सापडते. चित्र छापलेली पिक्चर डिस्क मात्र भिंतीला लावायची, कारण तिची खाच वरच्या पातळ थरात दाबलेली असते आणि पार्श्वभूमीला सतत सरसर येते.

प्रश्न : नवी कोरी रेकॉर्ड, तरी आवाज येतात. कुठे काच फुटल्यासारखं, कुठे घरघर, कुठे टिकटिक. परत करू का?

उत्तर : काच परत करता येणार नाही. ती अल्बममध्येच आहे. 'आय रिमेंबर नथिंग'मध्ये बाटली फुटते ती खरीच फोडलेली आहे. हॅनेट यांनी या ध्वनिमुद्रणात स्टुडिओच्या लिफ्टचा आवाजही घेतला, कोणी कुरकुरीत वेफर्स खातोय तेही घेतलं. 'इनसाइट'मध्ये गायक इयन कर्टिस यांचा आवाज लांबून, पातळ येतो कारण तो टेलिफोनच्या तारेतून नेऊन मुद्रित केला आहे. त्याच गाण्यातले पिचकारीसारखे आवाज इलेक्ट्रॉनिक ड्रमचे आहेत. कार्ट्रिजची (सुई बसवलेल्या भागाची) तार सुटलेली नाही.

उरलेल्या आवाजांसाठी एक सोपी परीक्षा आहे. संशय आलेली दहा सेकंदं तीनदा वाजवा आणि घड्याळ हाताशी ठेवा. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगाने तबकडीचा एक फेरा १.८ सेकंदांत होतो. टिकटिक बरोबर १.८ सेकंदांनी येत असेल तर खाचा ओलांडून गेलेला ओरखडा आहे. तिरप्या उजेडात तो दिसेल. नखाला जाणवला तर जन्मभराचा सोबती, नाही जाणवला तर कदाचित चिकटलेली घाण.

तीनही वेळा वेगवेगळ्या जागी तडतड आली तर ती स्थिर विजेची. कोरड्या हवेत कागदी पाकिटातून तबकडी सर्रकन ओढली की ती चार्ज होते. सावकाश काढा, आतलं पाकीट पॉलिथिनचं अस्तर असलेलं घ्या.

तिसरा प्रकार खरा दोष. कापड फाटल्यासारखा 'चर्रर्र' आवाज, बहुतेकदा एकाच स्पीकरमधून, आणि दर वेळी त्याच जागी. छापताना गरम पीव्हीसी साच्याच्या खाचेत पूर्ण शिरलं नाही की असं होतं : साचा पुरेसा तापलेला नसतो किंवा दाब लवकर काढलेला असतो. तिथे पृष्ठभाग निस्तेज, बारीक खरबरीत दिसतो. धुऊन जात नाही, सुई बदलून जात नाही. अशी तबकडी परत पाठवा, आणि दुसरी प्रत त्याच खेपेतली आली तर तिच्यातही तेच असू शकतं हे मनाशी धरा.

चौथा प्रकार फसवा. गाणं सुरू व्हायच्या आधी त्याची अस्पष्ट चाहूल लागते. बरोबर १.८ सेकंद आधी लागली तर शेजारच्या खाचेचा आवाज झिरपलाय. कोरताना खाचा जवळजवळ बसवल्या की मधली भिंत दबते. वेगळ्या अंतराने लागली तर ती मूळ टेपवरची छाप : रिळात एका थराचं चुंबकत्व दुसऱ्यावर उमटतं. पहिलं त्या कटिंगचं, दुसरं सगळ्याच आवृत्त्यांत सापडेल. दोन्हींसाठी दुकानदाराला दोष देता येत नाही.

आणि कशातच निर्णय लागेना, तर तेच गाणं डिजिटल प्रतीवर ऐका. आवाज तिथेही असेल तर तो १९७९चा आहे.

प्रश्न : पहिली चार गाणी उत्तम, पण प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं फाटतं. विशेषतः गाताना 'स' आला की. रेकॉर्ड खराब की सुई?

उत्तर : आधी भूमिती. तबकडी एकाच गतीने फिरते, पण सुईखालून सरकणारी खाच मात्र आत जाताना मंदावते. बाहेरच्या कडेला, मध्यापासून १४६ मिमीवर, सेकंदाला ५१ सेंमी खाच सरकते. आत ६० मिमीवर फक्त २१ सेंमी. म्हणजे १० किलोहर्ट्झची एक लाट बाहेर ५१ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) लांब कोरलेली असते आणि आत २१ मायक्रॉनमध्ये कोंबलेली. गोल टोकाच्या सुईची त्रिज्या साधारण १५ मायक्रॉन. ती त्या वळणात बसूच शकत नाही, वरून घसरते. घसरण म्हणजे तुम्हाला ऐकू येणारं फाटणं. लंबगोल सुईची बाजूची त्रिज्या ७-८ मायक्रॉन असते, तिला जमतं. त्याहून निमुळत्या मायक्रोलाइन सुईला आणखी सहज.

या अल्बमच्या दोन बाजूंना ए आणि बी नाही, 'आउटसाइड' आणि 'इनसाइड' म्हटलंय. 'इनसाइड'चं शेवटचं गाणं 'आय रिमेंबर नथिंग', जवळपास सहा मिनिटांचं, संथ, मोकळं, मध्येच काच. लपायला जागा नाही. तिथे फाटतंय म्हणून लगेच रेकॉर्डला नावं ठेवू नका. एका बाजूला २० मिनिटांच्या आसपास आवाज आहे, हे प्रमाण एलपीला सोसवतं.

तपासणी या क्रमाने करा, क्रम बदलू नका.

सुई भिंगाखाली बघा. टोकाला राखाडी लोकर असेल तर कोरड्या, मऊ ब्रशने मागून पुढे, एकाच दिशेने काढा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

सुई तबकडीवर किती वजन टाकते ते मोजा. सुई धरणाऱ्या बाहूवरच्या आकड्यावर विसंबू नका, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा वापरा. ऑर्टोफोन २एम रेड या कार्ट्रिजला १.८ ग्रॅम, ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई ला २ ग्रॅम. 'हलकं ठेवलं की रेकॉर्ड झिजत नाही' हा समज उलटा आहे. हलकी सुई खाचेच्या भिंतींवर आपटत जाते आणि त्यानेच भिंती तासल्या जातात.

मग कार्ट्रिजचा कोन. कागदी प्रोट्रॅक्टर (कोनमापक) घ्या, बेअरवाल्ड पद्धतीचा, ज्यावर मध्यापासून ६६ मिमी आणि १२०.९ मिमी असे दोन बिंदू असतात. दोन्ही ठिकाणी सुईची बारीक दांडी जाळीच्या रेषांना समांतर यायला हवी. कार्ट्रिजची खोकी समांतर दिसली म्हणून थांबू नका. खोकीत दांडी तिरकी बसलेली असू शकते. एका बिंदूवर जुळलं आणि दुसऱ्यावर नाही, तर हेडशेलमध्ये (बाहूच्या टोकाच्या चौकटीत) कार्ट्रिज पुढे-मागे सरकवा. स्क्रू अगदी थोडे सैल करा, अर्धा मिमी म्हणजेही पुष्कळ. छपाईत प्रोट्रॅक्टर लहान-मोठा झालेला नाही ना, हे आधी पट्टीने मोजून घ्या. प्रिंटर 'पानावर बसवा' असं करतो आणि अख्खी दुपार वाया जाते.

शेवटी अँटी-स्केट, म्हणजे बाहूला आत ओढणाऱ्या जोराला तोलणारी योजना. उजवीकडचा आवाज आधी फाटत असेल तर थोडं वाढवा, डावीकडचा फाटत असेल तर कमी करा.

एवढं करूनही तीच जागा फाटली आणि दुसऱ्या रेकॉर्डची शेवटची गाणी स्वच्छ वाजली, तर मात्र ती प्रत वाईट कोरलेली किंवा आधी कोणीतरी झिजलेल्या सुईने घासलेली आहे.

प्रश्न : सिंथेसायझरचे लांब सूर हेलकावे खातात. टर्नटेबलचा वेग तपासला, ठीक आहे.

उत्तर : भोक मध्यावर नाही. शेवटच्या रिकाम्या पट्टीत सुई असताना बाहू समोरून बघा. दर फेऱ्याला तो डावी-उजवीकडे झुलत असेल तर निदान पक्कं. ६० मिमी त्रिज्येवर अर्ध्या मिमीची चूक म्हणजे वेगात अधिक-उणे ०.८ टक्के, सुरात साधारण १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). ड्रम-गिटारच्या धबडग्यात कळत नाही, पण एकच सूर धरून ठेवला की समुद्रावरच्या नावेसारखा वर-खाली होतो. पोस्ट-पंकमध्ये असे सूर पावलोपावली असतात. आतल्या गाण्यांत जास्त जाणवेल, कारण तिथे त्रिज्या लहान. रेकॉर्ड बदलून मागा. भोक कानसून मोठं करायचा उपाय काही जण सांगतात. त्यानंतर दर वेळी हाताने मध्य शोधत बसावं लागतं आणि परतीचा हक्कही जातो.

प्रश्न : नवी रेकॉर्ड धुवावी का? कशाने?

उत्तर : धुवावी. कारखान्यातली कागदाची भुकटी आणि प्लास्टिकचा चुरा खाचेत असतो. ९०० मिली डिस्टिल्ड वॉटर, १०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल (९९ टक्क्यांचं), आणि फोटोफिल्म धुताना वापरतात त्या वेटिंग एजंटचे पाच थेंब. एका बाजूला ३-४ मिली पुरतं. मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने, गोल गोल, दोन-तीन फेरे. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा एकदा, हे टाळू नका : वेटिंग एजंट वाळून राहिला तर सुईला चिकट लोकर धरते. नळाचं पाणी नको, त्यातले क्षार खाचेत वाळतात. लेबल कोरडं राहू द्या. उभी करून निदान अर्धा तास वाळवा आणि नव्या पाकिटात घाला, जुन्यात घातलीत तर धुण्याचा उपयोग काय? ७८च्या लाखेच्या तबकड्यांना हे मिश्रण लावू नका, अल्कोहोलने लाख विरघळते.

प्रश्न : पब्लिक इमेज लिमिटेड या बँडचा 'मेटल बॉक्स' जुन्या गोल डब्यात मिळाला. तबकड्या बाहेरच येत नाहीत. आणि एक वाजवली तर फारच संथ, जड वाटली.

उत्तर : दुसरं आधी. त्या तिन्ही तबकड्या १२ इंची असल्या तरी ४५च्या वेगाच्या आहेत. ३३वर लावल्या असणार. चूक समजण्यासारखी आहे, कारण हा बास ३३वरही गाणंच वाटतो. ४५ निवडण्याचं कारण तोच बास : खोल आवाजाला रुंद खाच लागते, आणि वेग जास्त असला की वरचे आवाजही कोंबले जात नाहीत. १० मिनिटांचं 'अल्बाट्रॉस' अख्खी पहिली बाजू घेतं. १९८०मध्ये हेच संगीत 'सेकंड एडिशन' नावाने दोन साध्या एलपींवर निघालं. तेही चांगलं आहे, पण दोन्ही शेजारी लावून ऐकलं की फरक बासमध्येच कळतो.

आता डबा. नोव्हेंबर १९७९मध्ये १६ मिमी फिल्मच्या डब्यासारखा हा डबा निघाला, त्यात तीन तबकड्या, मध्ये गोल कागद. बोट घालायला जागाच नाही. नखाने कड उचकटू नका, कडेला पहिलं गाणं असतं. टेबलावर जाड, मऊ कापड पसरा. झाकण काढा, डबा कापडावर उपडा करा आणि दोन्ही हातांनी सरळ वर उचला. अडकला तर बुडावर तळहाताने हळू थोपटा. तबकड्या कागदांसकट एका थप्पीत खाली राहतात. त्यांना परत डब्यात पाठवू नका. तिघींना स्वतंत्र पाकिटं, वर साधं कव्हर, उभ्या. गोल कागद वेगळ्या पाकिटात जपा, मूळ कागदांशिवाय डब्याची किंमत उतरते. डबा गंजतो, आणि गंजाची भुकटी सुईच्या वाटेत आली की सँडपेपरचं काम करते. गंज घासू नका. सुक्या मऊ कापडाने पुसा आणि सिलिका जेलची पुडी आत टाका.

प्रश्न : सँडपेपरवरून आठवलं. सँडपेपरच्या कव्हरची एक फॅक्टरी रेकॉर्ड आहे म्हणतात. ती कपाटात कशी ठेवायची?

उत्तर : द डुरुत्ती कॉलम या बँडची 'द रिटर्न ऑफ द डुरुत्ती कॉलम', १९८०, 'फॅक्ट १४', निर्माते पुन्हा हॅनेटच. सुरुवातीच्या प्रतींना खरा सँडपेपर हाताने चिकटवलेला होता, आणि त्या कामाला जॉय डिव्हिजनची मंडळीही लागली होती. कल्पना फ्रेंच लेखक गी दबोर यांच्या एका पुस्तकाच्या सँडपेपरी मुखपृष्ठावरून घेतलेली : शेजारची पुस्तकं खराब व्हावीत हाच हेतू. तेव्हा तिच्याकडून सौजन्याची अपेक्षा ठेवू नका. नेहमीचं पातळ प्लास्टिकचं बाहेरचं आवरण काही महिन्यांत आतून खरवडून धुरकट होतं. दोन्ही बाजूंना ३१ सेंमीचा एकेक जाड पुठ्ठा लावा आणि मग आवरणात घाला. तबकडी आत ठेवूच नका. सँडपेपरचे कण सुटतात आणि जुना गोंद वाळून कोपरे उचलतात. ती वेगळ्या पाकिटात, कव्हरच्या शेजारी, पुठ्ठ्याच्या पलीकडे. निसटलेला कोपरा चिकटवायचा असेल तर आम्लरहित पीव्हीए गोंद, टाचणीच्या टोकावर येईल एवढाच, आणि वर मेणकागद ठेवून रात्रभर वजन.